बहिणींच्या सह्यांशिवाय इसार देऊ नये

आपल्या पत्रावरून असे दिसते की, दोन एकर जिरायत जमीन विकणाऱ्या दोघा भावांचीच नावे सातबाऱ्यावर आहेत, त्यांचे वडील 1998 साली वारले, दोन विवाहित बहिणींनी तोंडी हक्क सोडल्याचे सांगितले जाते शेतात जाण्याचा रस्ता शेजाऱ्याच्या तोंडी संमतीवर आहे आणि या आठवड्यातच इसार, म्हणजे सौदा पक्का करण्याची आगाऊ रक्कम, मागितला जात आहे. बहिणींच्या सह्या होईपर्यंत आपण एक रुपयाही देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 157 प्रमाणे सातबाऱ्यावरील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते, परंतु तिच्यामुळे कोणाची मालकी निर्माण होत नाही किंवा संपत नाही. जमीन वडिलोपार्जित असल्यास मुलीला जन्मतःच हक्क मिळतो आणि त्यासाठी 9 सप्टेंबर 2005 रोजी, म्हणजे हिंदू वारसा कायद्यातील दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी, वडील हयात असणे आवश्यक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा प्रकरणात 11 ऑगस्ट 2020 रोजी सांगितले आहे. जमीन वडिलांची स्वकष्टार्जित असली, तरी मृत्युपत्राअभावी मुली वर्ग एकच्या, म्हणजे पहिल्या क्रमाच्या, वारस ठरतातच. असा हक्क तोंडी सोडता येत नाही, त्याला नोंदणीकृत हक्कसोडपत्रच लागते. तलाठ्यापुढील जबाब त्याची जागा घेत नाही. उद्या बहिणींनी वाटपाचा दावा लावला, तर आपल्या हाती भावांचा अविभक्त हिस्सा तेवढा उरेल. म्हणून खरेदीखतात दोघी बहिणी, आणि आई हयात असल्यास तीही, लिहून देणार, म्हणजे विकणाऱ्या, म्हणून असाव्यात आणि मोबदल्यातील प्रत्येकीचा वाटा तिच्याच बँक खात्यात जमा व्हावा. त्यांचा पैसा त्यांना मिळणे मला आपल्या सुरक्षिततेइतकेच महत्त्वाचे वाटते.

आपण स्वतः शेतकरी आहात का, हे पत्रात लिहिलेले नाही. नसल्यास कुळवहिवाट कायद्याच्या कलम 63 नुसार जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागेल. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग 2 (शासनाच्या परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) असा शेरा नाही ना, हेही पाहावे आणि जुने फेरफार काढून वकिलाकडून तपासून घ्यावेत.

रस्त्याबाबत शेजाऱ्याच्या तोंडी संमतीवर विसंबू नये, कारण ती त्याच्या वारसांवर बंधनकारक ठरणार नाही. गावनकाशावर पाणंद नसेल, तर सध्याच्या खातेदारांनीच जमीन महसूल संहितेच्या कलम 143 खाली तहसीलदारांकडे बांधावरून रस्ता मागावा, आणि तो आदेश व भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी हाती आल्यावरच साठेखताची (खरेदीपूर्वीच्या विक्रीकराराची) बोलणी करावीत.