कुतूहल की जिज्ञासा?

तुझा प्रश्न वाचल्यापासून तो डोक्यातून जाईना, म्हणून सविस्तरच लिहितो. फाइन आर्ट्स कॉलेजातल्या तुमच्या प्रदर्शनात मेंदूतल्या पेशींवरची चित्रं आहेत, आणि मराठी फलकावर 'क्युरिऑसिटी'ला कोणता शब्द घ्यावा यावरून तुमच्या घरात तीन मतं झाली आहेत. तुला कुतूहल हवं, बाबांना जिज्ञासा, आणि आजी म्हणतात सरळ 'चौकसपणा' लिहा. माझ्या मते पहिले दोन्ही शब्द लागतील, पण एकमेकांच्या जागी नाही.

आजींचा शब्द अस्सल आहे, पण चौकस माणूस चौकशी करतो. 'बाई फार चौकस हो' म्हटलं की शेजारच्या घरातली बित्तंबातमी काढणारी कुणीतरी डोळ्यांसमोर येते. शिवाय आपल्या वडोदऱ्यात आणखी एक अडचण आहे. मांडवी बाजारातला गुजराती दुकानदार 'चोक्कस' म्हणतो, म्हणजे 'नक्की, खात्रीनं'. इथल्या मराठी कानालाही तो शब्द रोज ऐकू येतो. खात्री नसते म्हणूनच तर माणूस विचारतो. तिथे खात्रीची छटा डोकावणारा शब्द कशाला? 'उत्सुकता'ही नको. ती निकालाची असते, पाहुण्यांची असते. काय येणार ते ठाऊक असतं, कधी येणार एवढंच अडलेलं असतं.

आता खरा प्रश्न. दोन्ही शब्दांबरोबर कोणती क्रियापदं येतात ते बघ. कुतूहल 'वाटतं', 'चाळवतं'. जिज्ञासा 'शमते', 'भागते', 'तृप्त होते'. ही तहानेची क्रियापदं आहेत, आणि ती योगायोगानं आलेली नाहीत. संस्कृतात धातूची द्विरुक्ती करून 'सन्' प्रत्यय लावला की 'ते करण्याची इच्छा' असा अर्थ मिळतो. पा म्हणजे पिणे, त्यावरून पिपासा, पिण्याची इच्छा. भुज् वरून बुभुक्षा, खाण्याची इच्छा. तशी ज्ञा वरून जिज्ञासा, जाणण्याची इच्छा. (शुश्रूषासुद्धा याच कुळातली: मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा. आजाऱ्याची सेवा त्याचं ऐकण्यापासून सुरू होते, हे मला फार सुंदर वाटतं.) जिज्ञासेवरून 'जिज्ञासू' असा माणूस तयार होतो, तो त्याचा स्वभाव असतो. कुतूहलावरून असा माणूस आपण सहसा बनवत नाही. कुतूहल क्षणाचं असतं. डोळ्यांना काही वेगळं दिसलं की उठतं.

कमाटीबागेतलं म्युझियम आठव. देवमाशाचा तो अवाढव्य सांगाडा बघून पोर थबकतं, ते कुतूहल. मग इजिप्तच्या ममीपाशी उभं राहून 'आतलं सगळं काढलं तर काय काय ठेवलं?' असं विचारतं, ती जिज्ञासा. उत्तरही तुझ्या विषयातलंच आहे: हृदय जागेवर ठेवत, मेंदू मात्र नाकावाटे काढून टाकत. मन हृदयात असतं असंच प्राचीन इजिप्तचे लोक मानत. आपणही मनातलं सांगताना हात छातीवरच ठेवतो.

मानसशास्त्रानंही हा भेद केला आहे. डॅनियल बर्लाइन यांनी 1954 मध्ये दोन प्रकार वेगळे काढले: इंद्रियांना नव्या गोष्टीकडे ओढणारा एक, आणि ज्ञानाची उणीव भरून काढायला लावणारा दुसरा. पुढे ते कलेच्या अनुभवाच्या अभ्यासाकडे वळले. गुंतागुंतीच्या, अनियमित आकृत्यांवर नजर जास्त रेंगाळते, असं त्यांना प्रयोगांत दिसलं होतं. पहिल्या प्रकाराला कुतूहल आणि दुसऱ्याला जिज्ञासा हे शब्द मराठीत आयते बसतात.

आणि तहानेची उपमा मेंदूतही खरी ठरते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी 2014 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना सामान्यज्ञानाचे प्रश्न दिले, आणि उत्तर मिळेपर्यंतच्या काही सेकंदांत मध्येच एक अनोळखी चेहरा दाखवला. ज्या प्रश्नाचं उत्तर जाणून घ्यायची ओढ जास्त होती, त्याचं उत्तर तर जास्त लक्षात राहिलंच, पण त्या वाट पाहण्यात दिसलेला, प्रश्नाशी काही संबंध नसलेला चेहराही जास्त लक्षात राहिला. ओढ जास्त असताना मेंदूतला डोपामिन या रसायनाशी निगडित भाग जास्त सक्रिय दिसला. अन्नपाणी, बक्षीस यांच्या ओढीतही हाच भाग काम करतो. पिपासा आणि जिज्ञासा व्याकरणानं एका साच्यात घातल्या, आणि मेंदूतही त्या जवळजवळच निघाल्या. मी हे वाचलं तेव्हा उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या.

फलकावर मेंदूच्या पेशींचा अभ्यास करणारे स्पॅनिश शास्त्रज्ञ सांतियागो रामोन इ काहाल यांचं नाव नक्की घे. लहानपणी त्यांना चित्रकार व्हायचं होतं; वडिलांनी वैद्यकाकडे वळवलं. पण हात चित्रकाराचाच राहिला. इटालियन शास्त्रज्ञ कामिलो गोल्जी यांनी शोधलेल्या, पेशी रंगवण्याच्या पद्धतीनं मोजक्याच पेशी काळ्या उठून दिसत. काहाल यांनी सूक्ष्मदर्शकाखाली त्या बघून शाईनं रेखाटल्या, आणि मेंदू म्हणजे एकसलग जाळं नसून सुट्या पेशींचा बनलेला आहे, असं दाखवलं. गोल्जी मात्र शेवटपर्यंत जाळ्याच्याच बाजूचे. 1906 चं नोबेल दोघांना विभागून मिळालं.

एक चौथा शब्दही सुचवतो: कौतुक. अमरकोशात, म्हणजे संस्कृतच्या जुन्या समानार्थी शब्दकोशात, कौतूहल, कौतुक, कुतुक, कुतूहल हे चारही एका ओळीत समानार्थी दिले आहेत. गुजरातीत कौतुक अजून नवलाच्या अर्थानं चालतं. मराठीत त्याचा अर्थ वाहवा, लाड असा सरकला, तरी 'बाळ कौतुकानं बघत होतं' यात जुना अर्थ जिवंत आहे. म्हणून शीर्षकात 'कौतुक' नको, मराठी वाचक त्याला शाबासकी समजेल. पण चित्रांसमोर थांबणाऱ्यांबद्दल लिहिशील तिथे 'कौतुकानं बघावं असं' हे जरूर वापर. शेजारचा गुजराती वाचकही त्यातलं नवल ओळखेल.

तेव्हा चित्रांच्या दालनावर कुतूहल, मेंदूच्या माहितीच्या दालनावर जिज्ञासा. आणि तुझ्या चिठ्ठीत 'कुतुहल' लिहिलं आहेस. शब्द तत्सम आहे, 'तू' दीर्घ हवा. छापायला देण्याआधी तेवढं बदल.