वाचक विचारतात: काहिलीतली वाफ आणि विश्वाची सुरुवात

गेल्या अंकात ‘एन्ट्रॉपी नेहमी वाढते’ असं एका ओळीत लिहून मी पुढं निघून गेले. (एन्ट्रॉपी म्हणजे ढोबळमानानं विस्कळीतपणा.) तुम्ही काही मला सुखानं बसू दिलं नाहीत. आलेल्या पत्रांतली चार इथं घेते.

बाई, आमचं गुऱ्हाळ आहे. तुम्ही म्हणता, जगातला विस्कळीतपणा वाढतच जातो. मग पातळ रसाचा घट्ट, कणीदार गूळ होतो कसा? हा तर उलटा कारभार झाला.
— एक गूळ उत्पादक, करवीर तालुका

माझं माहेर कागलकडचं, त्यामुळं गुऱ्हाळघर मला नवं नाही. काहील उकळायला लागली की सगळ्यांचे डोळे रसावर. भेंडीचं पाणी घालून मळी काढली जाते, मग गुळव्या पाण्यात थेंब सोडून गोळी वळते का बघतो, आणि पाक ११८ अंशांच्या आसपास आला की काहील उतरते. वर आढ्याकडं मात्र कुणी बघत नाही, आणि तुमचं उत्तर तिकडंच आहे. रसातलं पाणी वाफ होऊन आभाळात गेलं. चिपाडात साठलेली ऊर्जा उष्णता होऊन चहूकडं पांगली. साखरेचे रेणू शिस्तीत बसले म्हणून गुळाच्या रव्यात, म्हणजे ढेपेत, जेवढी एन्ट्रॉपी घटली, त्याच्या कितीतरी पट ती बाहेर वाढली. नियम एकट्या रव्याचा हिशेब मागत नाही. रवा, वाफ, धूर आणि आभाळ यांची बेरीज मागतो.

‘एन्ट्रॉपी’ हे नाव क्लॉसियस या जर्मन शास्त्रज्ञानं १८६५ मध्ये दिलं. तिचा नेमका अर्थ लावला तो लुडविग बोल्ट्झमननं. बाहेरून एकसारखं दिसणारं चित्र आतल्या अणूंच्या किती वेगवेगळ्या मांडण्यांतून होऊ शकतं, ती मोजदाद म्हणजे एन्ट्रॉपी. मांडण्या जितक्या जास्त, तितकी एन्ट्रॉपी जास्त. व्हिएन्नात त्याच्या समाधीवर याच मोजदादीचं सूत्र कोरलेलं आहे.

आता ऊस. तो उन्हावर वाढला. सूर्याकडून येते जवळजवळ तेवढीच ऊर्जा पृथ्वी परत अवकाशात टाकते, नाहीतर आपण केव्हाच भाजून निघालो असतो. पण येताना प्रकाशाचा एक कण आला, तर जाताना अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या, प्रकाशाचे सुमारे वीस कण जातात. ऊर्जा तीच, वाटेकरी वीस. या फरकावर ऊसही जगतो आणि आपणही.

मॅडम, मी बारावीला आहे. महास्फोटानंतर विश्व गरम आणि सगळीकडं सारखं होतं म्हणतात. सारखा पसरलेला वायू म्हणजे जास्तीत जास्त एन्ट्रॉपी, असं आम्हाला शिकवलंय. मग ती सुरुवातीलाच कमाल असेल तर नंतर वाढली कशी?
— विद्यार्थी, राजारामपुरी

शाब्बास! हा प्रश्न पडला म्हणजे तू नुसतं पाठ करत नाहीस.

विश्व सारखं होतं हे खरंच. सुमारे ३,८०,००० वर्षांचं असताना त्यातून सुटलेला प्रकाश आजही येतोय. १९६५ मध्ये पेन्झियास आणि विल्सन यांनी जाहीर केलेला तो हाच. आता त्याचं तापमान निरपेक्ष शून्याच्या वर जेमतेम २.७ अंश आहे आणि कुठल्याही दिशेला बघितलं तरी फरक लाखात एखाद्या भागाचा.

तुला शिकवलंय तेही बरोबर, पण ते डब्यातल्या वायूचं. तिथं गुरुत्वाकर्षण सोडून दिलेलं असतं. विश्वाएवढा पसारा घेतला की ते सोडून चालत नाही, आणि मग गणित उलटं फिरतं. गुरुत्वाकर्षण सगळ्याला गोळा करायला बघतं, त्यामुळं तिथं गोळा होणं ही नेहमीची गोष्ट आणि सारखं पसरून राहणं हे नवल. ढग आकसतो, तापतो, तारा होतो, आणि आकसताना ढीगभर प्रकाश बाहेर टाकतो. वरच्या पत्रातली काहील आठव: तारा हा रवा, प्रकाश ही वाफ.

या गोळा होण्याचं शेवटचं टोक म्हणजे कृष्णविवर, ज्यातून प्रकाशही सुटत नाही. कृष्णविवराची एन्ट्रॉपी सांगणाऱ्या बेकेनस्टाईन आणि हॉकिंग यांच्या सूत्रात आकडे घालून बघ. आपल्या आकाशगंगेच्या मध्यावर ४० लाख सूर्यांच्या वजनाचं जे कृष्णविवर आहे, त्या एकट्याची एन्ट्रॉपी दृश्य विश्वातल्या त्या सगळ्या जुन्या प्रकाशापेक्षा जास्त भरते! म्हणजे सुरुवातीला एन्ट्रॉपी कमाल नव्हती. जितकी असू शकली असती त्यामानानं नगण्य होती. अशी सुरुवात योगायोगानं होण्याची शक्यता रॉजर पेनरोझ या गणितज्ञानं मोजली. एकावर शून्यं द्यायची, आणि ती शून्यंच १० चा १२३ वा घात इतकी, तेवढ्यांत एक. कागद पुरायचा नाही.

एन्ट्रॉपी का वाढते, यात फारसं गूढ नाही. ती १३८० कोटी वर्षांपूर्वी इतकी कमी का होती, हे खरं कोडं, आणि त्याचं सर्वमान्य उत्तर आज नाही. आपल्याला काल आठवतो, उद्या आठवत नाही, त्याची मुळी तिथंवर जाते.

आपण पिढ्यान्‌पिढ्या ‘अनंतकोटी ब्रह्मांडनायक’ म्हणत आलो. आता शास्त्रज्ञही अनेक विश्वं म्हणतात. म्हणजे पूर्वजांना हे ठाऊक होतं ना?
— निवृत्त शिक्षक, शिवाजी पेठ

सर, तो जयघोष मीही मनापासून करते. पण भक्तीतल्या अनंताला गणिताच्या साक्षीची गरज नाही, आणि गणितातल्या अनेक विश्वांना तर सध्या साक्षीदारच मिळेना झालाय. दोन्ही आपापल्या जागी राहू द्या.

शास्त्रज्ञ इथं आले ते वरच्याच कोड्याच्या मागं. १८९५ मध्ये बोल्ट्झमननं आपल्या एका जुन्या सहायकाची कल्पना मांडली: विश्व अफाट आहे, बहुतेक ठिकाणी सगळं निवलेलं आहे, आणि आपण एका अपवादात्मक कोपऱ्यात आहोत जिथं योगायोगानं एन्ट्रॉपी खाली आली. कल्पना झकास, पण पुढं हिशेबात फसली. योगायोगच हवा असेल तर लहान योगायोग फार सोपा. लाखो आकाशगंगा कशाला, खोट्या आठवणींसकट एकच मेंदू क्षणभर जुळून आला तरी भागतं. असे मेंदू आपल्यापेक्षा बेसुमार जास्त असायला हवेत, आणि मग दुर्बिणीतून दिसलेल्या कशावरच भरवसा ठेवता येत नाही.

पुढं १९८०च्या दशकात ॲलन गुथ, आंद्रेई लिंडे वगैरेंचा फुगवट्याचा सिद्धान्त आला: विश्व अगदी सुरुवातीला क्षणार्धात प्रचंड फुगलं. त्यात एका विश्वाशेजारी दुसरी विश्वं निपजत राहतात. पण पेनरोझचं म्हणणं असं की फुगवटा सुरू व्हायलाही आधी कमी एन्ट्रॉपीच लागते, आणि मला ते पटतं. शॉन कॅरोल आणि जेनिफर चेन यांनी २००४ मध्ये थोरल्या विश्वातून धाकटी विश्वं फुटतात असं सुचवलं. शेजारच्या विश्वाची धडक बसली असेल तर जुन्या प्रकाशात तिचे गोल वळ दिसावेत म्हणून शोधही झाला. ठोस काही हाती लागलं नाही. कल्पना टाकून देऊ नये, पण तिला सिद्धान्ताच्या पंगतीला बसवायला मी अजून तयार नाही.

आपल्या कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर तर महास्फोटच मानायला तयार नव्हते. १९९३ मध्ये त्यांनी हॉईल आणि बर्बिज यांच्यासह पर्यायी मांडणी केली. बहुतेकांनी ती स्वीकारली नाही, मलाही जुन्या प्रकाशाचा पुरावा जड वाटतो. पण बहुमत समोर असताना आकडे घेऊन उभं राहायची त्यांची रीत आमच्या वर्गात मी मुद्दाम सांगायची.

विश्व संपणार कधी?
— वाचक, इचलकरंजी

मुदतठेव मोडू नका. सूर्याकडंच अजून सुमारे ५०० कोटी वर्षांचं इंधन आहे. सगळ्यात लहान तारे लाखो कोटी वर्षं तेवत राहतील. सूर्याएवढ्या वजनाचं कृष्णविवर हॉकिंगच्या हिशेबानं विरून जायला १० चा ६७ वा घात इतकी वर्षं घेतं.