माती कोणत्या रकान्यात?

आमच्या वर्गातली मुलं ‘माती : अजैविक’ असं पाठ करून येतात. शेतात त्याच मातीत गांडूळ दिसलं की गोंधळतात. काय सांगावं?
– एक शिक्षिका, अंबाजोगाई

हा गोंधळ मोलाचा आहे, घाईने मिटवू नका. मातीचे कण, पाणी, हवा हे अजैविक. गांडूळ, बुरशी, जिवाणू, मुळं जैविक. आपली काळी माती बेसाल्ट खडक झिजून बनली. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि भेगांत विंचू-किडे आसरा घेतात (तिथे मुलांना हात घालू देऊ नका). वाळलेलं ढेकूळ पाण्यात सोडा. बुडबुडे येतात, ती आतली हवा.

खरी गंमत ऑगस्टमध्ये. सोयाबीनचं एक रोप मुळांना धक्का न लावता खणून काढा. मुळांवर मण्यांसारख्या गाठी दिसतील. एक गाठ नखाने फोडा. आतून गुलाबी निघाली तर ती काम करतेय. तिच्यातले रायझोबियम जिवाणू हवेतला नायट्रोजन पिकाला वापरता येईल अशा रूपात आणतात आणि पीक त्यांना साखर पुरवतं. हे पाहिल्यावर मुलांकडून ‘जैविक’ आणि ‘अजैविक’ असे नुसते दोन रकाने भरून घेऊ नका. या रकान्यातून त्या रकान्यात बाण काढायला लावा. माझ्या मते खरा धडा त्या बाणांत आहे.

वाळलेलं पान आणि शिंपला सजीवांत धरायचा की निर्जीवांत?
– एक पालक, जालना

दोन्ही आज निर्जीव, पण सजीवापासून आलेले. त्यांचा तिसरा ढीग करा : ‘सजीवापासून आलेलं’. काडी, पीस, शेण सगळं तिथेच जाईल.

सहल जायकवाडीला नेतोय. पक्षी दाखवण्यापलीकडे काय करता येईल?
– एक शिक्षक, परभणी

पाण्याची खोली बघायला लावा. नाथसागर, म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय, पसरट आणि बराचसा उथळ आहे. पाणी ओसरतं तसा काठाचा गाळ उघडा पडतो आणि चिखलात चोच खुपसणाऱ्या पक्ष्यांची सोय होते. म्हणूनच इथे पाणपक्ष्यांची एवढी गर्दी. 1986 साली हे अभयारण्य जाहीर झालं. रोहित (फ्लेमिंगो) उथळ पाण्यात चोच उलटी बुडवून अन्न गाळून घेतो, पाणकावळा बुडी मारून मासा धरतो. पाणी अजैविक, पण कोण कुठे जेवणार हे तेच ठरवतं. हिवाळ्यात सकाळी लवकर पोहोचा. वहीत पक्ष्याच्या नावाआधी तो कशात उभा होता ते लिहून घ्या : चिखलात, उथळ पाण्यात, की खोल पाण्यावर तरंगत होता.