वाचक विचारतात: दोन्ही पिस्टन एकत्र का?

प्रश्न: ट्रायम्फ बॉनव्हिल टी१२० या जुन्या ब्रिटिश मोटरसायकलमध्ये दोन सिलिंडर, तरी गाडी एवढी थरथरते का? आणि १९६३ च्या आधीची घ्यावी की नंतरची?

उत्तर: थरथरणारच हो, कारण दोन्ही पिस्टन जोडीनेच वर येतात नि जोडीनेच खाली जातात, फक्त स्फोट आलटून पालटून होतो, एकदा डावीकडे एकदा उजवीकडे. म्हणून आवाज एकसारखा, गोड येतो, पण वजन सगळं एकाच दिशेला फेकलं जातं. इंजिन ६४९ सीसी, बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ७१ मिमी, स्ट्रोक (पिस्टन वर-खाली सरकतो ते अंतर) ८२ मिमी, ताकद ४६ हॉर्सपॉवर, १९५९ ला हे फार होतं! दोन अमाल कंपनीचे कार्ब्युरेटर (पेट्रोल नि हवा मिसळणारे भाग), थंड इंजिन चालू करताना दोन्हींचं टिकलर बटण (जादा पेट्रोल आत सोडणारं) पेट्रोल बोटाला लागेपर्यंत दाबायचं आणि मग किक. दोन्ही कार्ब एकसारखे उघडत नसतील तर आयडलिंग (गाडी उभी असताना इंजिनाचं मंद चालणं) कधीच नीट लागत नाही, आधी तेच बघा.

१९६३ पासून इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच केसिंगमध्ये आले, त्याआधी वेगळे होते. रोज चालवायची असेल तर नंतरचीच घ्या, पण देखणी मला आधीचीच वाटते.