मोराच्या आवृत्तीला चामडं चढवू नका

लंडनमध्ये घेतलेल्या, जेन ऑस्टेनच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’च्या १८९४च्या प्रतीचा कणा वरखाली विरलाय, तर ती चामड्यात नव्याने बांधून घ्यावी का, असं तुम्ही विचारलंत. कृपा करून बांधून घेऊ नका.

प्रकाशक थॉमस एगर्टनने १८१३मध्ये ही कादंबरी तीन खंडांत काढली, तेव्हा पुस्तकं साध्या पुठ्ठ्यात विकली जात आणि गिऱ्हाईक ऐपतीप्रमाणे ती चामड्यात बांधून घेई. त्यामुळे त्या काळच्या प्रतीला चामडं शोभतं. १८९४पर्यंत रिवाज पालटला होता. प्रकाशकच कापडी बांधणी करून, तिच्यावर ठसा उठवून पुस्तक बाजारात आणत. जॉर्ज ॲलनच्या या आवृत्तीत ह्यू थॉमसनची १६० चित्रं आहेत, जॉर्ज सेंट्सबरीची प्रस्तावना आहे, पण संग्राहक तिला ओळखतात ते मोरामुळेच. गर्द हिरव्या कापडावर पिसाऱ्याने अख्खं मुखपृष्ठ व्यापलेला तो सोनेरी मोर! तो काढला की आवृत्तीची ओळखच गेली. शिवाय नव्याने बांधताना बरेचदा पानांच्या कडा कापतात; कडांना सोनेरी मुलामा असेल तर तोही जातो. जुनं कापड शेवटच्या पानांमागे जोडून देतो, असं बाइंडर म्हणेल. तरीही नकोच.

कणा विरलाय तेवढीच दुरुस्ती करा. जुनं कापड हलक्या हाताने उचलून, त्याखाली मिळत्या रंगात रंगवलेला जपानी कागद गव्हाच्या खळीने चिकटवतात. हे काम जुन्या पुस्तकांचं जतन करणाऱ्याकडेच द्या. सेलोटेप आणि फेव्हिकॉल लांब ठेवा.

चामड्याची हौस असेल तर पुस्तकाच्या मापाची पेटी करून घ्या आणि तिच्या कण्याला मोरोक्को, म्हणजे बकऱ्याचं चामडं लावून त्यावर सोनेरी अक्षरांत नाव घाला. पुस्तकही सुरक्षित, कपाटातही देखणं. मात्र प्रत मुंबईला नेणार असाल तर पावसाळ्यात त्या चामड्यावर बुरशी धरते आणि कापडाच्या खळीला कसर लागते. बाहेरच्या भिंतीला टेकलेलं कपाट नको, प्लास्टिकची घट्ट पिशवी तर नकोच.

वाचा मात्र जरूर, दोन्ही बाजूंना उशीचा टेकू देऊन. सपाट उघडलं तर कणा आणि पुठ्ठा जोडणारे सांधे तुटतात. शीर्षकपानाचा आणि आतल्या सांध्यांचा फोटो टाका. सांधा पूर्ण सुटला असेल तर दुरुस्ती वेगळ्या पद्धतीने करावी लागेल.