महाबळेश्वरच्या थंडीत हायब्रिड गाडीचा इंजिन हीटर कशावर चालवायचा?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: राहायला महाबळेश्वरला, गाडी स्ट्राँग हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि मोठ्या बॅटरीवरची मोटर अशा दोन्हींवर चालणारी. डिसेंबर-जानेवारीत सकाळी इंजिन लागलं की बराच वेळ बंदच होत नाही आणि ॲव्हरेज पडतं. मेव्हणे अमेरिकेतून ४०० वॉटचा ब्लॉक हीटर, म्हणजे गाडी सुरू करायच्या आधी इंजिन गरम करणारा हीटर, पाठवतायत. पार्किंगमध्ये प्लग नाही, मग तो गाडीच्याच मोठ्या बॅटरीवर किंवा १२ व्होल्टच्या बॅटरीला इन्व्हर्टर जोडून चालेल का?

नाही, दोन्हींवर नाही. मी साताऱ्यात गेली बावीस वर्षं गाड्यांचं वायरिंग करतोय. हा हिशेब बऱ्याच जणांना कागदावर मांडून दाखवलाय, तुम्हालाही दाखवतो.

हीटर किमान दोन तास चालला तर इंजिनाला काही फरक पडतो. ४०० वॉट दोन तास म्हणजे ०.८ युनिट. टोयोटा हायरायडरसारख्या हायब्रिड गाडीतली मोठी बॅटरी असते ०.७६ युनिटची, आणि गाडीचा कॉम्प्युटर त्यातला फक्त मधला भाग वापरू देतो, कारण पूर्ण उतरवली आणि पूर्ण भरली तर बॅटरीचं आयुष्य कमी होतं. म्हणजे सगळी रिकामी केली तरी हीटरचे दोन तास भरत नाहीत. शिवाय ती १७७.६ व्होल्ट डीसी आहे. या मोठ्या बॅटरीच्या नारिंगी वायरींना हात लावून तिथून फाटा काढून देतो असं कोणी म्हणालं, तर त्याच्याकडून गाडी घेऊन सरळ घरी या. तो झटका माणसाला सोडत नाही.

आता १२ व्होल्टची. ४०० वॉटला ३३ अँपिअर, इन्व्हर्टरची गळती धरून ३७-३८. बॅटरी साधारण ४५ अँपिअर-तासाची, काही हायब्रिडमध्ये त्याहूनही लहान. तासाभरात ती पार बसेल. हायब्रिडमध्ये हे जास्त महागात पडतं. इंजिन फिरवायचं काम मोठी बॅटरी करते खरं, पण त्या मोठ्या बॅटरीचा रिले (विजेवर चालणारा स्विच) ओढायला आणि कॉम्प्युटर जागे करायला हीच छोटी लागते. ती बसली की मोठी भरलेली असूनही ‘रेडी’ (गाडी चालायला तयार असल्याची खूण) येत नाही. गाडी रेडीवर ठेवून इन्व्हर्टर चालवला तर? मोठी बॅटरी उतरली की इंजिन आपोआप लागणार आणि स्वतःच गरम होणार. मग हीटर कशाला?

हा हीटर भिंतीतल्या विजेवरच चालवायची वस्तू आहे. कॅनडात, फिनलंडमध्ये पार्किंगच्या जागी त्यासाठी विजेचे खांब असतात, गाडीच्या पुढच्या जाळीतून प्लग लोंबत असतो. उणे वीस-पंचवीसला ऑइल घट्ट होतं, तिथे तो हवाच. आपल्याकडे वेण्णा लेकच्या कडेला दहिवर गोठतं, गाडीच्या टपावर पांढरा थर दिसतो, पण इंजिनाच्या दृष्टीने ही थंडी किरकोळ आहे. ०डब्ल्यू ग्रेडचं, म्हणजे कडक थंडीतही पातळ राहणारं, ऑइल उणे ३५ अंशांवरच्या कसोटीत उतरलेलं असतं.

फायदा काय होईल तेही सांगतो. माझ्या अंदाजाने एका सकाळी शंभर-सव्वाशे मिली पेट्रोल वाचेल, त्यातून विजेचे पैसे वजा करा. वर्षातल्या चाळीस-पन्नास सकाळींसाठी एवढा खटाटोप मी करणार नाही.

तरी हीटर येणारच असेल, तर आधी त्याची पाटी वाचा. माझं सगळ्यात मोठं सांगणं हेच आहे. अमेरिकेतला हीटर १२० व्होल्टचा असतो. आपल्या २३० व्होल्टला लावला की तोच ४०० वॉटचा हीटर जवळजवळ १४७० वॉट ओढतो. दोन हिवाळ्यांपूर्वी पाचगणीच्या एका बंगल्यावर मला बोलावलं होतं. पिन बदलणारा ॲडॉप्टर लावून असाच हीटर थेट सॉकेटमध्ये घातलेला. वायर वितळून इंजिनाच्या हार्नेसला (वायरींच्या जुडग्याला) चिकटली होती, बॉनेटखाली जळका वास. मालक सारखे विचारत होते, “एमसीबी का पडला नाही?” कसा पडेल? १४७० वॉट म्हणजे साडेसहा अँपिअरही नाही, आणि एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) १६ अँपिअरचा. शेजारच्या गड्याला धूर दिसला म्हणून गाडी वाचली. ते आठवलं की अजून अंगावर काटा येतो, म्हणून एवढं लांबण लावतोय.

२३० चे १२० व्होल्ट करणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्यायचा तर ७५० व्हीएच्या (व्हीए म्हणजे त्याची क्षमता) आतला नको, आणि तो कोरड्या जागी ठेवा. बाहेरचं सॉकेट झाकणवालं, अर्थिंग तपासलेलं, वायर अडीच स्क्वेअरची, वर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच. महाबळेश्वरच्या दमट हवेत आणि बॉनेटखाली उंदीर वायर कुरतडतात तिथे आरसीसीबीशिवाय लावूच नका. काही हीटर इंजिनाच्या ब्लॉकमधल्या ठरावीक खोबणीत पेस्ट लावून बसतात. तुमच्या इंजिनाला त्या मापाची जागा आहे का, ते सर्व्हिस सेंटरमध्ये आधी विचारा. सैल बसलेला हीटर स्वतःच जळतो.

इंजिन बंद होत नाही, त्याचं मुख्य कारण मला वेगळं वाटतं. सकाळी तुम्ही बहुतेक पाचगणीवरून पसरणी घाटाने वाईला उतरता. उतारावर इंजिनावर भार नसतो, त्यामुळे ते लवकर तापत नाही. वर काच धुरकटते म्हणून तुम्ही केबिनचा हीटर फुल करता. त्याची ऊब कूलंटमधून येते, मग इंजिन चालू ठेवण्यावाचून गाडीला इलाज राहत नाही. काच पुसण्यापुरता एसी लावा, केबिनचा हीटर पहिली दहा मिनिटं बंद ठेवा, जागेवर उभं राहून इंजिन तापवत बसू नका, हळू चालवत निघा. मेढ्याकडून केळघर घाट चढून येताना हेच इंजिन किती लवकर तापतं आणि नंतर सपाटीला कसं पटकन बंद होतं, एकदा लक्ष देऊन बघा.

हीटरला जाणारे पैसे छोट्या बॅटरीवर घाला. रात्रभर उभ्या गाडीत सकाळी दार उघडायच्या आधी मल्टिमीटर लावता आला तर उत्तम. १२.६ च्या आसपास असेल तर ठीक. १२.२ म्हणजे निम्मी उतरलेली. चार वर्षांच्या पुढची असेल आणि वारंवार १२.२ च्या खाली जात असेल, तर थंडी सुरू व्हायच्या आधी बदला. गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर मध्ये एकदा तासभर ‘रेडी’वर ठेवा, नुसत्या ॲक्सेसरीवर नको.

हीटर हातात आला की पाटीवरचे व्होल्ट आणि वॉट इथे लिहा, ट्रान्सफॉर्मर किती व्हीएचा लागेल ते मोजून सांगतो.