वाचक विचारतात : अँटेना, उतार आणि उंचीचे आकडे

प्रश्न : चौमजली इमारतीच्या गच्चीवर (जमिनीपासून १३ मीटर) ५ मीटरच्या जीआय पाइपवर हौशी रेडिओसाठी १४ मेगाहर्ट्झचा आडवा डायपोल (मध्ये केबल जोडलेली दोन हातांची साधी अँटेना) लावायचा आहे. युरोपातल्या स्टेशनांशी बोलायचं आहे, पण नैऋत्येला पांडवलेण्यांचा डोंगर आहे. पाइपवर आणखी खर्च करण्याआधी जमिनीच्या उंचीच्या डेटावरून काही कळेल का? — एक वाचक, पाथर्डी फाटा

उत्तर : डोंगराची धास्ती आधी सोडा. नाशिकहून लंडनचं बेअरिंग (उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजलेला कोन) साधारण ३१८ अंश, टोकियोचं ६०, केपटाऊनचं २२५. म्हणजे तुमचा डोंगर केपटाऊनच्या वाटेत आहे, युरोपच्या नाही. तो किती आड येतो ते पाहायला संगणकही लागत नाही. शाळेतल्या कोनमापकाच्या सरळ कडेला स्ट्रॉ चिकटवा, मध्यबिंदूतून दोरा ओवून टोकाला एक नट बांधा आणि स्ट्रॉमधून माथा बघा. दोरा ९० च्या खुणेपासून जितका सरकेल तितका डोंगराचा कोन. समजा ७ अंश आला, तर त्या दिशेला ७ अंशांखालच्या सिग्नलचं बरंचसं गेलं, वरचं शाबूत. अंजनेरीकडे बघून हबकणाऱ्यांनीही हा प्रयोग करावा. १२८० मीटरचा डोंगर खरा, पण सातपूरहून तो क्षितिजावर जेमतेम २ अंश चढतो.

खरा खेळ अँटेनासमोरच्या पहिल्या तीन-चारशे मीटर जमिनीचा असतो. सपाट जमिनीवर आडव्या डायपोलचा मुख्य झोत कोणत्या कोनात जातो ते काढायला तरंगलांबीला उंचीच्या चौपटीने भागायचं. येतो तो त्या कोनाचा साइन. १४ मेगाहर्ट्झला तरंगलांबी २१.४ मीटर, तुमची उंची १८ मीटर, म्हणजे झोत १७ अंशांवर. लांबच्या स्टेशनांचे सिग्नल बहुधा १५ अंशांच्या आतच येतात. आता युरोपच्या दिशेला जमीन ३ अंशांनी उतरती असेल, म्हणजे १०० मीटरला ५ मीटर, तर तोच झोत १४ अंशांवर येतो. सपाटीवर हे साधायला पाइप आणखी जवळपास ४ मीटर वाढवावा लागला असता. उतार फुकट मिळतो, पाइप आणि ताणाच्या तारा विकत घ्याव्या लागतात. मात्र हा उतार साडेतीनशे मीटर तरी सलग हवा. पुढे चढ लागला की हिशेब फिसकटतो, आणि तिथे जमिनीच्या चढउतारावरून झोताचा कोन काढणारा एचएफटीए हा संगणक प्रोग्राम कामाला येतो.

त्याला प्रत्येक दिशेसाठी दोन रकान्यांची साधी मजकूर फाइल लागते : अंतर आणि उंची. पहिलं अंतर शून्य, म्हणजे अँटेनाच्या पायाशी. दर ३० मीटरला एक उंची देणाऱ्या डेटातून ४.४ किलोमीटरपर्यंत बिंदू घेतले की १४७ होतात. प्रोग्रामची मर्यादा १५० आहे. एकाच रेषेवर विसंबू नका. ३१८ च्या दोन्ही बाजूंना ५-५ अंशांवर आणखी दोन रेषा काढा, कारण प्रोग्राम समजतो की रेषेवरचा नाला डावी-उजवीकडे अनंतापर्यंत तसाच पसरलेला आहे. तिन्ही उत्तरं जुळली तर ठीक.

एकक नीट तपासा. प्रोग्राम मूळचा अमेरिकेतला, फुटांत विचार करणारा. मीटरचे आकडे फूट म्हणून गेले तर अंतर आणि उंची दोन्ही सारखीच आकसतात, पडद्यावरचा डोंगर तसाच दिसतो आणि चूक कुणाच्याच लक्षात येत नाही. अँटेनाची उंचीही जमिनीपासून द्यायची, १८ मीटर. गच्चीपासूनची ५ नव्हे.

आणि डेटा जमिनीचा की छपरांचा? उंचीचा असा डेटा दोन ठिकाणचा मिळतो : अमेरिकेचा एसआरटीएम आणि युरोपचा कोपर्निकस. एसआरटीएमची मोजणी फेब्रुवारी २००० मध्ये अंतराळयानातून रडारने झाली, कोपर्निकसचा ३० मीटरचा डेटा २०११ ते २०१५ च्या उपग्रह मोजणीवरून आहे. दोन्हींत झाडं आणि इमारती कमी-अधिक मिसळलेल्या असतात. युरोपच्या रेषेत अंबड एमआयडीसीच्या शेडची छपरं तुम्हाला ‘टेकड्या’ म्हणून भेटू शकतील. तुमच्या इमारतीच्या जागी कोपर्निकस एसआरटीएमपेक्षा ५-६ मीटर जास्त दाखवत असेल, तर ती बहुधा तुमचीच गच्ची समजा. ती उंची वजा केली नाहीत तर इमारत दोनदा मोजली जाते.

सर्वात कच्चा भाग नेमका सर्वात महत्त्वाचा : अगदी जवळची जमीन. एसआरटीएमच्या उंच्या पूर्ण मीटरमध्ये असतात. ३ अंशांच्या उताराला ३० मीटरवर १.६ मीटर उतार हवा; फाइलमध्ये तो कुठे १, कुठे २ दिसेल, म्हणजे कुठे १.९ अंश, कुठे ३.८. म्हणून पहिले १०० मीटर स्वतः मोजा. गवंडी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी पुरते. १० मीटरची नळी, दोन काठ्या, एक मोजपट्टी. नळीत बुडबुडा राहिला तर दोन्ही टोकांची पातळी खोटी दाखवते, तेव्हा आधी नळी उंच धरून टिचक्या मारा. मोजलेले बिंदू फाइलच्या सुरुवातीला घाला आणि तेवढे डेटातले बिंदू काढून टाका.

शेवटी उंची १८ ऐवजी १८.३ देऊन पाहा. उत्तर भलतंच उडालं तर ते जमिनीचं नाही, एका मीटरच्या खोट्या पायऱ्यांचं आहे.

प्रश्न : एसआरटीएमची फाइल उतरवून स्वतःच्या स्क्रिप्टने वाचतो. उत्तरेकडे रेषा काढली की बरोबर ६ किलोमीटरवर डेटा संपतो. मित्राच्या संगणकावर तर सगळीकडे २२५३० मीटर उंची येते. — एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : पहिला दोष नाशिकच्या जागेचा. २० अंश अक्षांशाची रेषा शहरातूनच जाते. एका फाइलमध्ये एक अंश बाय एक अंशाचा चौकोन असतो. तुमचं घर एन१९ई०७३ (१९ उत्तर, ७३ पूर्व) या फाइलमध्ये, पंचवटीच्या पुढचा भाग एन२०ई०७३ मध्ये. दोन्ही उतरवा. जोडताना सीमेवरची ओळ दोन्हीकडे सारखीच असते, ती एकदाच घ्या.

२२५३० ही बाइट उलटी वाचल्याची खूण आहे. ६०० मीटरच्या आकड्याचे दोन बाइट उलटले की हेच येतं; फाइलमध्ये मोठा बाइट आधी असतो. मध्येच −३२७६८ दिसलं तर तिथे मोजणीच नाही, शेजारच्या बिंदूंवरून भरा. फाइलचा आकार २,५९,३४,४०२ बाइट आहे का तेही बघा. २८,८४,८०२ असेल तर तुम्ही ९० मीटरची फाइल उतरवली आहे.

प्रश्न : उभ्या अँटेनासाठी हीच पद्धत चालेल का? — म्हसरूळ

उत्तर : नाही. एचएफटीए फक्त आडव्या अँटेनांसाठी आहे. उभ्या अँटेनाला उताराइतकीच मातीची वाहकता महत्त्वाची.

प्रश्न : सिन्नरच्या मित्राशी १४५ मेगाहर्ट्झवर बोलायचं आहे. उंचीच्या आलेखात दृष्टिरेषा मोकळी दिसते, तरी आवाज खरखरतो. — इंदिरानगर

उत्तर : रेषा मोकळी असून भागत नाही, तिच्याभोवतीची जागाही मोकळी हवी. २८ किलोमीटरच्या मार्गावर मध्यभागी या जागेची, म्हणजे पहिल्या फ्रेनेल झोनची, त्रिज्या १२० मीटर. त्यातले ६० टक्के, म्हणजे ७२ मीटर, रेषेखाली रिकामे लागतात. पृथ्वीच्या गोलाईचे मध्यावर साडेअकरा मीटर वेगळे. एखादं टोक रेषेला नुसतं चाटून गेलं तरी सुमारे ६ डेसिबल, म्हणजे रेडिओच्या सिग्नल-मीटरवरचा एक टप्पा (एस-युनिट) जातं. रेडिओ मोबाइल या प्रोग्राममध्ये दोन्ही ठिकाणं टाकून आडवी येणारी टेकडी शोधा. ती तुमच्या टोकाजवळ असेल तर तुमचा मास्ट (अँटेनाचा खांब) वाढवा. सिन्नरजवळ असेल तर पाइप मित्राला आणायला सांगा.